गुहा, घळ आणि तळे : प्राचीन ग्रीक ज्ञानरूपकांचे महाड परिसरातून एक वाचन

प्रास्ताविक

प्लेटोचे 'आयडियां'विषयीचे प्रतिपादन म्हणजे रिकामे शब्द आणि काव्यातली रूपके होत, अशी तक्रार त्याचा शिष्य ॲरिस्टॉटल याने 'मेटाफिजिक्स'मध्ये केली आहे. याच ॲरिस्टॉटलने 'पोएटिक्स'मध्ये मात्र रूपक साधणे हे एकच कसब दुसऱ्याकडून शिकता येत नाही, ते प्रतिभेचे लक्षण आहे, असा निर्वाळा दिला आहे. शिवाय त्याची स्वतःची परिभाषाही रूपकापासून मुक्त नाही. उपादानद्रव्यासाठी तो जो 'हूले' हा शब्द योजतो, त्याचा ग्रीक भाषेतील मूळ अर्थ लाकूड, इमारती लाकूड असा आहे. म्हणजे तत्त्वज्ञानातून रूपक हद्दपार करू पाहणाऱ्याच्या हातातही सुताराचे लाकूड होतेच.

लॅकॉफ आणि जॉन्सन यांच्या १९८० मधील ग्रंथानंतर रूपक हा भाषेचा अलंकार नसून विचाराचा साचा आहे, ही भूमिका अभ्यासकांच्या परिचयाची झाली आहे. परंतु विचाराला साचा लाभला की विचार त्या साच्याबाहेर जायला सहसा राजी नसतो, या अंगाकडे तितकेसे लक्ष दिले जात नाही. 'ज्ञान म्हणजे प्रकाश' असे एकदा मान्य केले की ज्ञाता हा पाहणारा ठरतो, अज्ञान अंधार ठरते आणि ज्याला दिसत नाही तो आंधळा ठरतो. 'ज्ञान म्हणजे पाणी' असे मानले तर प्रश्नच बदलतात. ते कोठून येते, कोणाच्या मालकीचे आहे, कोणाला घेऊ दिले जाते आणि कोणाला नाही, असे ते प्रश्न असतात.

प्रस्तुत लेखात प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञानातील ज्ञान व सत् यांविषयीच्या काही रूपकांचे परीक्षण करावयाचे आहे आणि त्यासाठी रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागातील महाड-पोलादपूर हा परिसर संदर्भभूमी म्हणून घेतला आहे. ही निवड सहेतुक आहे. गांधारपाल्याची बौद्ध लेणी, 'दासबोधा'शी निगडित शिवथर घळ, १९२७ च्या सत्याग्रहाचे चवदार तळे आणि २०२१ मध्ये दरडीखाली गेलेले तळीये गाव ही चार स्थळे एकाच तालुक्यात आहेत. गुहा, पाणी, सूर्य आणि जमीन ही ग्रीकांची आवडती रूपके येथे भूगोलाच्या रूपाने समोर येतात, आणि त्यामुळे त्यांची पारख करणे सोपे जाते.

पाहणे आणि जाणणे

'मला माहीत आहे' या अर्थाचे ग्रीक क्रियापद 'ओइदा' हे मूळच्या पाहण्याच्या धातूपासून आले आहे; 'मी पाहिले आहे, म्हणून जाणतो' असा त्याचा भाव. 'आयडिया' आणि 'आयडॉस' हे प्लेटोचे कळीचे शब्द त्याच कुळातील. संस्कृतातील 'विद्' धातू, आणि म्हणून 'वेद' व मराठीतील 'विद्या', यांचे मूळ तेच आहे, हे तौलनिक भाषाशास्त्राने दाखवून दिले आहे. 'थिओरिया' म्हणजेही पाहणेच; उत्सवाला पाठविलेल्या नगरदूताला 'थिओरॉस' म्हणत. आपण तत्त्वज्ञानाच्या शाखांना 'दर्शने' म्हणतो, त्यामागेही हाच साचा आहे. ज्ञानेश्वरांच्या गीताटीकेचे 'भावार्थदीपिका' हे नावच दिव्याचे आहे.

मात्र मराठी बोली एवढ्यावर थांबत नाही. 'डोक्यात प्रकाश पडला', 'डोळे उघडले' हे जसे आपण म्हणतो, तसेच 'थांग लागला नाही', 'ठाव घेतला', 'तळ गाठला', 'मुरलेला माणूस', 'विचार झिरपला' असेही म्हणतो. या दुसऱ्या गटातील प्रयोग खोलीचे आणि पाण्याचे आहेत. त्यांत ज्ञाता काठावर उभा राहून बघत नाही. त्याला उतरावे लागते, भिजावे लागते, वाट पाहावी लागते. ग्रीकांकडेही असा प्रवाह होता. सत्य खोल तळाशी आहे, अशा आशयाचे डेमोक्रिटसचे वचन प्रसिद्ध आहे. हेराक्लिटसची नदी तर सर्वज्ञातच आहे. तथापि प्लेटोनंतर पाश्चात्त्य परंपरेत प्रकाशाने पाण्यावर मात केली, असे म्हणावयास हरकत नाही. जॉन ड्यूई याने १९२९ मध्ये ज्ञानाच्या ज्या 'प्रेक्षक-सिद्धांता'वर टीका केली, त्याचे बीज या विजयातच आहे.

गुहेचे रूपक आणि मराठी वाचकाची अडचण

'रिपब्लिक'च्या सातव्या पुस्तकाच्या आरंभी येणारे गुहेचे रूपक अनेकदा सांगितले जाते, पण काळजीपूर्वक क्वचितच. भूमीखालील एका लांबट विवरात माणसे लहानपणापासून बांधलेली आहेत. पाय आणि मान जखडलेली असल्यामुळे त्यांना फक्त समोरची भिंत दिसते. त्यांच्या पाठीमागे उंचावर अग्नी जळत आहे. अग्नी आणि बंदी यांच्यामध्ये रस्ता आहे, आणि त्याला लागून बाहुल्यांचा खेळ करणाऱ्यांच्या पडद्यासारखा बुटका कठडा आहे. त्या कठड्यामागून काही लोक माणसांच्या, प्राण्यांच्या दगडी-लाकडी आकृती उचलून नेत आहेत. बंदिवानांना दिसतात त्या या आकृतींच्या छाया. त्यांपैकी एकाची सुटका होते, त्याला वळविले जाते, चढणीच्या खडतर वाटेने ओढून बाहेर काढले जाते. त्याचे डोळे दिपतात. आधी छाया, मग पाण्यातील प्रतिबिंबे, मग वस्तू, रात्रीचे तारे व चंद्र आणि अखेरीस सूर्य, असा त्याच्या दृष्टीचा क्रम आहे. तो परत खाली आला की अंधारात चाचपडतो, लोक त्याला हसतात, आणि तो दुसऱ्यांना सोडवू लागला तर त्याला मारून टाकतील, असे सॉक्रेटिस म्हणतो. हे लिहिताना प्लेटोच्या डोळ्यांपुढे इसवी सनपूर्व ३९९ मधील सॉक्रेटिसचा देहदंड होता, यात शंका नाही.

आपल्याकडील अध्यापनात या रूपकाचे मायावादाशी सर्रास समीकरण मांडले जाते. छाया म्हणजे माया, सूर्य म्हणजे ब्रह्म, सुटलेला बंदिवान म्हणजे जीवन्मुक्त. परीक्षेत हे उत्तर गुण मिळवून देते. परंतु ते तपासून घेणे आवश्यक आहे. रज्जुसर्पाच्या दृष्टांतात अंधूक प्रकाशात दोरीवर सापाचा भास होतो. तेथे कोणी फसविणारा नाही. भ्रम एकट्या पाहणाऱ्याचा आहे आणि दिवा आणला की तो मावळतो. प्लेटोच्या गुहेत मात्र भ्रम सामुदायिक आहे, बालपणापासून लादलेला आहे, आणि कठड्यामागे आकृती उचलून धरणारी माणसे आहेत. ही माणसे कोण, हे प्लेटो सांगत नाही. त्याच्या रूपकातील सर्वांत अर्थपूर्ण मौन हेच असावे. रज्जुसर्प हा ज्ञानमीमांसेचा दृष्टांत आहे. गुहेत ज्ञानमीमांसेबरोबर एक राज्यव्यवस्थाही दडलेली आहे. दोहोंचे समीकरण केले की ही व्यवस्था नजरेआड होते आणि उरतो तो निव्वळ वैयक्तिक मोक्षाचा मार्ग. शिवाय मराठी तत्त्वविचार म्हणजे मायावादच, असेही नाही. 'अमृतानुभवा'त ज्ञानेश्वरांनी अज्ञानाचे खंडन करून झाल्यावर ज्ञानाचेही खंडन केले आहे आणि जग हा आभास नसून चैतन्याचा विलास आहे, अशी भूमिका घेतली आहे. त्या भूमिकेतून पाहिले तर प्लेटोची भिंतीवरील छायासुद्धा सूर्याचीच ठरेल.

दुसरी अडचण शब्दाची आहे. प्लेटोच्या 'स्पेलायोन'ला मराठीत 'गुहा' हा प्रतिशब्द रूढ झाला आहे. 'गुह्' म्हणजे लपविणे. त्यापासून गुहा आणि गुह्य हे दोन्ही शब्द झाले. कठोपनिषदात आत्मतत्त्व गुहेत निहित आहे असे सांगितले आहे. तेथे गुहा म्हणजे हृदयाचा अंतर्भाग, सत्याचे निवासस्थान. ग्रीक भाषेत सत्याला 'अलेथेइया' म्हणतात आणि तिचा व्युत्पत्त्यर्थ 'लपलेले नसणे' असा लावला जातो. हायडेगरने प्लेटोच्या गुहेचे वाचन याच व्युत्पत्तीच्या आधारे केले आहे. म्हणजे एका परंपरेत सत्य गुहेत आहे आणि दुसऱ्या परंपरेत गुहेबाहेर. मराठी वाचक 'गुहा' हा शब्द वाचतो तेव्हा त्याच्या मनात तपस्वी उभा राहतो, बंदिवान नव्हे. 'भुयार' किंवा 'तळघर' हा शब्द योजला असता तर प्लेटोचा आशय अधिक नेमका पोहोचला असता, असे वाटते.

छाया म्हणजे फसवणूक, हेही सरसकट खरे नाही. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळी येथील ठाकर समाजाने कळसूत्री बाहुल्या, चित्रकथी आणि चामड्याच्या छायाबाहुल्यांची परंपरा जपली आहे. पडद्यावरील रामरावण या छाया आहेत हे तेथील प्रेक्षक जाणतो, पडद्यामागे कोण बसले आहे हेही त्याला ठाऊक असते, आणि खेळ संपला की तो उठून घरी जातो. त्याला छायेतून रामायणाचे ज्ञानच मिळते. प्लेटोच्या बंदिवानाचे दुर्दैव त्याच्यासमोरच्या छायेपेक्षा त्याच्या मानेभोवतीच्या साखळीत अधिक आहे. प्लेटोच्या टीकाकारांनी व समर्थकांनीही छायेवर जितकी शाई खर्च केली तितकी साखळीवर केलेली नाही.

शिवथर घळ : आतून बाहेर पाहणे

संप्रदायपरंपरेनुसार समर्थ रामदासांनी 'दासबोधा'चे लेखन शिवथर घळीत कल्याणस्वामींकडून करवून घेतले. धुळ्याचे समर्थभक्त शंकर श्रीकृष्ण देव यांनी १९३० मध्ये महाड तालुक्यातील ही घळ प्रकाशात आणली. स्थाननिश्चितीचा वाद येथे बाजूला ठेवता येईल. लक्षात घ्यावयाची आहे ती या स्थळाची रचना. घळ म्हणजे डोंगराच्या कुशीतली कपार. पावसाळ्यात तिच्या शेजारून धबधबा कोसळतो. आत बसलेला माणूस अंधाराकडे पाठ करून उजेडाकडे, कोसळणाऱ्या पाण्याकडे पाहतो. प्लेटोचा बंदिवान उजेडाकडे पाठ करून बसलेला असतो. अंधार दोन्ही ठिकाणी तोच, बैठक उलटी. प्लेटोने शिक्षणाची व्याख्या करताना आंधळ्या डोळ्यांत दृष्टी घालणे ही कल्पना नाकारली आहे. दृष्टी सर्वांकडे असतेच, आत्म्याला समग्रपणे वळविणे एवढेच शिक्षणाचे काम, असे तो सांगतो. घळीतल्या बैठकीत ते वळणे आधीच घडलेले आहे. चढण चढून बाहेर जाण्याची गरज तेथे उरत नाही.

'दासबोधा'च्या वीस दशकांतील दोनशे समासांत ज्ञानाची रूपके विपुल आहेत, पण त्यांत प्रकाशाला प्लेटोइतके एकाधिकाराचे स्थान नाही. सोळाव्या दशकात सूर्याचे स्तवन येते, त्याच्या पाठोपाठ पृथ्वी, आप, अग्नी आणि वायू यांचे निरूपण येते. सूर्य तेथे पंगतीत बसला आहे, सिंहासनावर नाही. शिवाय रामदासांचा भर 'प्रचीती'वर आहे. अनुमानाच्या ज्ञानाला ते दुय्यम लेखतात आणि दुसऱ्या दशकाच्या शेवटच्या समासात पढतमूर्खाची लक्षणे तपशीलवार देतात. गुहेबाहेर जाऊन सूर्य पाहून आलेला, परंतु व्यवहारात ठेचकाळणारा तत्त्वज्ञ आणि पुष्कळ वाचून कोरडा राहिलेला पढतमूर्ख यांत अंतर आहे. पण दोघांना हसणारे लोक मात्र एकच असावेत. प्लेटो त्या हसणाऱ्यांना दोष देतो, रामदास पढतमूर्खाला. या ठिकाणी रामदास अधिक व्यवहारज्ञ आणि प्लेटो अधिक घायाळ वाटतो.

गांधारपाल्याच्या लेण्यांचा येथे ओझरता उल्लेख पुरे. इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांत खोदलेली ही सुमारे तीस लेणी सावित्री आणि गांधारी नद्यांच्या परिसराकडे तोंड करून आहेत. त्यांच्याजवळ पाण्याची टाकी खोदलेली आढळतात. भिक्षूंसाठी गुहा ही पावसाळ्यातील वस्ती होती; पाऊस संपला की भिक्षू खाली उतरून चालू लागत. वर चढून मुक्त होण्याची आणि नाइलाजाने खाली येण्याची प्लेटोनिक ओढाताण त्यांच्या दिनक्रमात नव्हती.

धातूंची कथा आणि आंबेडकरांचा आक्षेप

गुहेच्या रूपकावर लिहिणारे बहुतेक लेखक 'रिपब्लिक'च्या तिसऱ्या पुस्तकाकडे वळत नाहीत. तेथे सॉक्रेटिस नगराच्या स्थैर्यासाठी एक 'उदात्त असत्य' सुचवितो. नागरिकांना सांगावे की, तुम्ही सर्वजण भूमीच्या पोटात घडलात, पृथ्वी तुमची माता आहे. तुमच्या घडणीत देवाने राज्यकर्त्यांत सोने, साहाय्यकांत चांदी आणि शेतकरी-कारागिरांत लोखंड व पितळ मिसळले आहे. लोखंडी आईबापांच्या पोटी सोनेरी मूल जन्मू शकते, अशी तरतूद प्लेटो ठेवतो, हे नमूद केले पाहिजे. तरीही दोन पुस्तके शेजारी ठेवली की एक विलक्षण गोष्ट लक्षात येते. तिसऱ्या पुस्तकात भूमीच्या पोटातले वास्तव्य पवित्र उगम म्हणून सांगितले जाते. सातव्यात तेच कारागृह होते. आणि तिसऱ्या पुस्तकातील ती कथा कोण सांगतो? राज्यकर्ता. म्हणजे सातव्या पुस्तकातील कठड्यामागे आकृती उचलून धरणारा अनामिक मनुष्य कोण, याचे एक उत्तर प्लेटोने स्वतःच आधी देऊन ठेवले होते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ मधील 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये चातुर्वर्ण्याची चिकित्सा करताना प्लेटोच्या त्रिवर्गीय रचनेशी त्याची तुलना केली. प्रत्येक व्यक्तीचे वेगळेपण प्लेटोला उमगले नाही, माणसांना मोजक्या कप्प्यांत कोंबणे हे मानवी स्वभावाच्या अज्ञानाचे द्योतक आहे, असा त्यांच्या आक्षेपाचा गाभा आहे. या युक्तिवादामागे कोलंबिया विद्यापीठातील त्यांचे गुरू ड्यूई यांचा 'डेमॉक्रसी अँड एज्युकेशन' हा १९१६ चा ग्रंथ आहे, हे अभ्यासकांना परिचित आहे. धातूंचे रूपक आणि विराट पुरुषाच्या अवयवांचे रूपक ही दोन्ही जन्म आणि दर्जा यांची सांगड घालतात. फरक इतकाच की, प्लेटो आपल्या रूपकाला निदान असत्य म्हणतो.

पाणी : पेला, झिरप आणि चवदार तळे

आद्य ग्रीक तत्त्वज्ञ थेलीझ याने जगाचे मूलतत्त्व पाणी मानले, असे ॲरिस्टॉटल सांगतो. परंतु ज्ञानाचे रूपक म्हणून पाण्याचा सर्वांत मार्मिक वापर प्लेटोच्या 'सिंपोझियम'मध्ये एका विनोदात आला आहे. मेजवानीला उशिरा पोहोचलेल्या सॉक्रेटिसला यजमान अगाथॉन आपल्याशेजारी बसवू पाहतो, म्हणजे त्याच्या स्पर्शाने आपल्यालाही शहाणपण लाभेल. सॉक्रेटिस उत्तरतो की, लोकरीच्या धाग्यावरून भरलेल्या पेल्यातले पाणी रिकाम्या पेल्यात ओघळते, तसे शहाणपण ओघळले असते तर किती बरे झाले असते! ही थट्टा आहे. ज्ञान भरलेल्याकडून रिकाम्याकडे आपोआप वाहत नाही, असे सॉक्रेटिसला म्हणावयाचे आहे. 'थीएटेटस'मध्ये तो स्वतःला सुईण म्हणवतो, ते याच कारणाने. सुईण बाळ देत नाही. जे आत आहे ते बाहेर यायला हात देते. त्याच संवादात स्मृतीसाठी मेणाची पाटी आणि ज्ञानासाठी पक्ष्यांचा पिंजरा ही रूपके येतात. आपल्याकडच्या धूळपाटीशी मेणाच्या पाटीचे साम्य चटकन जाणवते. पण प्लेटो ती दोन्ही रूपके स्वतःच मोडीत काढतो आणि संवाद उत्तराविना संपतो. आपल्याच रूपकाला निरोप देण्याचे हे धैर्य त्याने गुहेच्या बाबतीत दाखविले असते तर बरे झाले असते.

अगाथॉनचा पेला हिंदुस्थानात शासकीय धोरण म्हणून अवतरला. वरच्या वर्गांना उच्च शिक्षण दिले की ते हळूहळू खालच्या थरांपर्यंत झिरपेल, हा तो सिद्धांत. मेकॉलेच्या १८३५ च्या टिपणाने त्याला बळ दिले. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात या धोरणाचा फोलपणा दाखवून दिला. रयतेच्या कराचा पैसा वरच्या वर्गांच्या शिक्षणावर खर्च होतो आणि बहुजनांचे प्राथमिक शिक्षण उपेक्षित राहते, असे त्यांचे म्हणणे होते. 'झिरपणे' हे क्रियापद मराठीत इतके निरागस आहे की त्याच्या आधारे केलेला अन्याय चटकन ध्यानात येत नाही. मधल्या थराने पाणी अडविले तर काय, हा प्रश्न ते रूपक विचारूच देत नाही.

महाडला हा प्रश्न अक्षरशः विचारला गेला. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याविषयीचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदे मंडळात १९२३ मध्ये संमत झाला होता आणि त्यानुसार महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचा ठरावही केला होता. कागदावर पाणी झिरपले होते. ओंजळीत आले नव्हते. २० मार्च १९२७ रोजी कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेचे प्रतिनिधी आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. त्यानंतर त्यांच्यावर हल्ले झाले आणि पंचगव्य ओतून तळ्याची 'शुद्धी' करण्यात आली. हे पाणी प्यायल्याने कोणी अमर होणार नाही, आपणही इतरांसारखी माणसे आहोत हे प्रस्थापित करण्यासाठी तेथे जावयाचे आहे, अशा आशयाचे स्पष्टीकरण आंबेडकरांनी त्याच वर्षीच्या डिसेंबरमधील परिषदेत केले. म्हणजे पाणी येथे तहानेची वस्तू राहिले नाही, ते एका सत्याचे प्रमाण झाले. आणि हे प्रमाण दुरून पाहून सिद्ध होणारे नव्हते, प्यावेच लागणार होते. प्रेक्षक-सिद्धांताचे याहून नेमके खंडन तत्त्वज्ञानाच्या ग्रंथांतही विरळाच सापडेल.

पुढे न्यायालयात दावा झाला. हे तळे खाजगी असून अस्पृश्यांना तेथे मज्जाव करण्याची रूढी पुरातन आहे, असे फिर्यादींचे म्हणणे होते. मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला. रूढी अनादी काळापासूनची असल्याचे सिद्ध झाले नाही. भिंतीवर वर्षानुवर्षे दिसणारी आकृती म्हणजे सृष्टीचा नियम, अशी समजूत गुहेत होते ती अशीच. सत्याग्रहानंतर लगेच, ३ एप्रिल १९२७ रोजी, सुरू झालेल्या 'बहिष्कृत भारत'च्या शिरोभागी ज्ञानेश्वरीतल्या ओव्या छापल्या जात, हा तपशील येथे नोंदविण्याजोगा आहे. दिव्याच्या परंपरेतले शब्द पाण्याच्या लढ्यासाठी वापरले गेले. सावित्री नदीच्या नावातही सूर्यवाचक 'सवितृ' आहे, हा योगायोग वाचकाने हवा तर मनोरंजक मानावा. त्यावर काही उभारण्याचे कारण नाही.

भाकीत करणारे बंदिवान आणि तळीये

गुहेच्या रूपकात एक छोटासा तपशील आहे, त्याच्याकडे वाचक सहसा दुर्लक्ष करतो. बंदिवानांमध्ये मानसन्मान आणि बक्षिसे होती. कोणती छाया कोणत्या छायेनंतर येते, कोणत्या बरोबरीने येतात, हे जो बारकाईने लक्षात ठेवतो आणि पुढे काय येणार याचे भाकीत करतो, त्याला ती मिळत. सूर्य पाहून आलेल्याला या सन्मानांचा हेवा वाटणार नाही, असे प्लेटो सांगतो. दृश्यांच्या क्रमावरून भाकीत करणे हे त्याच्या लेखी ज्ञान नव्हे, बंदिवानांचा खेळ होय. वास्तविक त्याच प्लेटोने पुढे तत्त्वज्ञ-राज्यकर्त्यांना पंधरा वर्षे गुहेत उतरून अनुभव घ्यायला लावले आहे, म्हणजे हा तुच्छभाव त्यालाही पूर्ण पटलेला नसावा.

महाड-पोलादपूरच्या डोंगरउतारावर मात्र हा खेळ जीवनमरणाचा आहे. जुलै २००५ मधील अतिवृष्टीत महाड तालुक्यातील जुई, दासगाव, रोहन, कोंडिवते या गावांवर दरडी कोसळल्या. २२ जुलै २०२१ रोजी तळीयेत दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्याच दिवसांत पोलादपूर तालुक्यातील केवनाळे आणि साखर सुतारवाडी येथेही दुर्घटना घडल्या. दरडीचे कार्यकारण स्थूलमानाने असे असते. झिजलेल्या बेसॉल्टवर मातीचा थर असतो. पावसाचे पाणी त्यात झिरपते, थराचे वजन वाढते, कणांमधील पाण्याचा दाब वाढून घर्षण घटते, आणि माती खडकावरून सुटते. वर ज्या क्रियापदाला निरागस म्हटले, ते येथे शब्दशः अर्थाने येते आणि निरागस राहत नाही. या घटनेआधी डोंगर पुष्कळदा खुणा देतो. जमिनीला भेगा पडतात, झाडे व खांब कलतात, झऱ्याचे पाणी अचानक गढूळ होते किंवा नव्या जागी फुटते. कोणती खूण कोणत्या खुणेनंतर येते, हे जाणणारा मनुष्य प्लेटोच्या गुहेतला बक्षीसपात्र बंदिवान आहे. सूर्याचे दर्शन त्याच्या उपयोगाचे नाही.

या प्रकारच्या ज्ञानासाठी ग्रीकांकडे दुसरे, अधिक नम्र सूत्र होते. दिसणाऱ्या गोष्टी या न दिसणाऱ्यांची झलक होत, अशा अर्थाचे ॲनॅक्झागोरसचे वचन आहे आणि डेमोक्रिटसने त्याची वाखाणणी केली होती, असे परंपरा सांगते. येथे छाया आणि वस्तू यांचे वैर नाही. पृष्ठभाग हा खोलीचा पुरावा आहे, शत्रू नव्हे. हाच ॲनॅक्झागोरस सूर्याला तापलेला दगड म्हणाला आणि त्यासाठी अथेन्समध्ये त्याच्यावर अधर्माचा आरोप आला. प्लेटोने पुढे त्याच सूर्याला सर्वोच्च श्रेयाचे रूपक केले. तत्त्वज्ञानाच्या इतिहासात ॲनॅक्झागोरसचा दगड मागे पडला आणि प्लेटोचा सूर्य वर चढला, याचे आजवर बरेच गुणगान झाले आहे. त्याची किंमत कोणी मोजली, याचा हिशेब अजून व्हावयाचा आहे. पश्चिम घाट परिसंस्था तज्ज्ञ गटाने २०११ च्या अहवालात ग्रामसभांना निर्णयप्रक्रियेत स्थान देण्याचा आग्रह धरला. त्यामागची ज्ञानकल्पना ॲनॅक्झागोरसच्या बाजूची आहे. उतारावर राहणाऱ्याला उताराविषयी काही ठाऊक असते, असे ती धरून चालते. ज्ञान वरून झिरपण्याची वाट पाहत नाही.

'थीएटेटस'मधील एका प्रसंगाचा विचार या संदर्भात करता येतो. तारे पाहत चालताना थेलीझ विहिरीत पडतो आणि एक थ्रेसची दासी त्याला हसते. आकाशातले जाणण्याची एवढी उत्सुकता असलेल्याला पायाखालचे दिसत नाही, अशी तिची थट्टा. प्लेटो ही कथा तत्त्वज्ञाची कैफियत म्हणून सांगतो. हसणारा समाज तत्त्वज्ञाला समजू शकत नाही, असे त्याला सुचवायचे आहे. दासीला तो नाव देत नाही. ती तेथे कशासाठी आली होती, हेही सांगत नाही. विहिरीपाशी बहुधा पाणी भरायलाच आली असावी. कोकणातल्या वाडीवर पावसाळ्याच्या दिवसांत झऱ्याचे पाणी गढूळ झाल्याचे पहिल्यांदा कोणाच्या लक्षात येते, असे विचारले तर उत्तर त्याच दासीच्या कुळात सापडेल. हंडा भरायला रोज तेथे जाते ती.